शेवटचा खेळ, घरच्यांसाठी

पडदा नाही हे कळलं त्या दिवशी मी थिएटरात फक्त झाडू मारायला गेलो होतो.

सोमवारी घेणाऱ्याला चावी द्यायची होती. त्याआधी रविवारी घरच्यांचा खेळ. आमच्याकडे ही पद्धत आजोबांपासून चालत आलेली. थिएटरचं नाव बदलायचं ठरलं की जुन्या नावाचा शेवटचा खेळ तिकीट न लावता फक्त घरच्यांसाठी लावायचा, आणि खेळ सुटला की सगळ्यांनी बाहेर येऊन पाटी उतरवायची. ‘पहाट’चं ‘मुकुट’ झालं तेव्हा मी शाळेत होतो आणि त्या खेळात झोपून गेलो होतो. ‘मुकुट’चं ‘सॅटेलाइट’ झालं तेव्हा माझी मुलगी जन्माला येत होती. बायको दवाखान्यात, त्यामुळे तो खेळ तिचा चुकला. घरोघरी डिश लागत होत्या, म्हणून थोरला म्हणाला होता की शत्रूचंच नाव घेऊन टाकू. गावाने ते नाव कधी मनावर घेतलं नाही. कोण थिएटरला काय म्हणतो यावरून त्याचं वय कळायचं. म्हातारे ‘पहाट’ म्हणायचे, माझी बायको शेवटपर्यंत ‘मुकुट’ म्हणाली, कारण ती आली तेव्हा ते मुकुट होतं.

या वेळी नवीन नाव नव्हतं. घेणारा ते पाडून तिथे पार्सलचं गोदाम करणार होता, आणि गोदामाला कोण नाव ठेवतं? पण पाटी उतरणार होती, म्हणून खेळ होणार होता. बायकोने तो माझ्याकडून मागून घेतला होता. अंथरुणाला खिळल्यावर म्हणाली, ‘‘थेटर बंद करा, विका, काय करायचं ते करा. पण पाटी उतरायच्या आधीचा खेळ मला मधल्या रांगेत बसून बघायचाय. मी नसले तरी माझी खुर्ची सोडून बसा.’’

ती आजारी पडली तेव्हाच आम्ही खेळ थांबवले होते. ती गेल्यावर मी कुलूप काढलं नव्हतं. त्या दिवशी ऑपरेटरला घेऊन पहिल्यांदा आत गेलो. तो आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून मशीनवर आहे. त्याने हॉलचे दिवे लावले.

‘‘पडदा कुठाय?’’ तो म्हणाला.

‘‘समोर,’’ मी म्हटलं. मी खाली बघून झाडत होतो.

‘‘समोर भिंत आहे.’’

मी वर बघितलं. लोखंडी चौकट होती तशी होती. चौकटीच्या आत काहीच नव्हतं. मागची विटांची भिंत दिसत होती, दोन्ही बाजूंचे काळे स्पीकर दिसत होते, आणि स्पीकरच्या मधे दोन बुटकी स्टुलं. मी स्टेजवर चढलो आणि चौकटीतून हात आत घातला. हात भिंतीपर्यंत गेला. तरी मी दोनदा तसं केलं.

त्या स्टुलांचं सांगायला हवं. आमचं घर थिएटरच्या पाठीला लागून आहे, स्वयंपाकघरातून एक दार थेट पडद्यामागे उघडतं. जुन्या काळी हाऊसफुलचे दिवस असायचे, घरच्या बायकांसाठी खुर्ची अडवणं परवडायचं नाही. मग थोरली वहिनी आणि माझी बायको, दोघी जावा, कामं उरकून पडद्यामागे बसून पिक्चर बघायच्या. आवाज जाण्यासाठी पडद्याला सगळीकडे बारीक भोकं असतात, त्यातून चित्र मागेही दिसतं, फक्त उलटं. दोघींनी जन्मभर उलटे पिक्चर बघितले. सगळे हिरो डावखुरे. नात्यातल्या एका डावखुऱ्या जावयाला बघून बायको म्हणाली होती, ‘‘मला तर हा पहिला सरळ माणूस भेटला.’’

ऑपरेटर स्टेजच्या कोपऱ्यात वाकला होता. पडदा चौकटीला ज्या दोरीने ताणून बांधलेला असतो ती दोरी एका स्टुलावर गुंडाळून ठेवली होती. ‘‘कापलेली नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सोडलीय.’’

मला त्यातून काही उमगलं नाही. मी घरी फोन लावला.

सगळे आले. थोरला, वहिनी, आमची बहीण, आणि माझी मुलगी. मुलगी दुसऱ्या गावी दातांची डॉक्टर आहे, खेळासाठी म्हणून आदल्या दिवशीच आली होती. बहिणीला आम्ही ‘खिडकी’ म्हणतो. तिचं लग्न गावातच झालं, आणि तिने अर्धं आयुष्य तिकिटाच्या खिडकीत काढलं.

तिनेच तोंड उघडलं. ‘‘दादा, किती आले पडद्याचे?’’

थोरला चौकटीकडे बघत होता. त्याला आधी कळलंच नाही की हे त्याला आहे.

‘‘मला विचारतेस?’’

‘‘मग कुणाला? थेटर विकायची घाई तुला. खुर्च्या कुणाला द्यायच्या, पंखे कुणाला द्यायचे, सगळं तूच बोलत होतास. पडदा राहिला होता तोही दिलास. निदान रविवारपर्यंत थांबायचंस.’’

‘‘अगं, जुना पडदा कोण विकत घेतं?’’

‘‘म्हणजे विचारून बघितलंस.’’

मुलगी मधे पडली. ‘‘आत्या, काकांकडे चावीच नाहीये. चावी बाबांकडे असते.’’

‘‘घरातल्या दाराला कुठे चावी लागते? स्वयंपाकघरातून कुणीही येतं.’’

‘‘कुणीही येतं ना, मग मीच का?’’ थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर मलाही बहिणीसारखंच वाटत होतं. घरात विकण्याच्या बाजूने तो एकटा होता. मी आणि बहीण विरोधात, वहिनी कुणाच्याच बाजूने नाही. बायको आजारी पडल्यावर मी विरोध सोडला, आणि बहीण माझ्यावर चिडली. आज पडदा गेल्यावर ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

थोरला पहिल्या रांगेत जाऊन बसला. नंतर त्याने मला सांगितलं की तेव्हा त्याच्या डोक्यात स्टेशनजवळचं थिएटर होतं. ते आमच्या आधी बंद झालं. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. हॉलचा उतार तसाच ठेवलाय आणि पलंगांच्या पायाखाली विटा लावल्यात. नदीकडच्या थिएटरने तीन नावं बदलली, शेवटचं नाव तर कुणाला पाठही झालं नाही, आता तिथे गाड्या लावतात. त्या दोन्ही थिएटरांचे मालक थोरल्याला भेटले की म्हणायचे, तुम्ही फार टिकलात. तो म्हणाला, ‘‘मला त्याचा अभिमान होता रे. आणि बहीण मला भंगारवाला म्हणत होती.’’

‘‘दादा,’’ मी शेवटी म्हटलं, ‘‘दिला असशील तर सांग. मी रागावणार नाही. परत आणू.’’

‘‘तू पण?’’

‘‘मला फक्त तो रविवारी पाहिजे.’’

‘‘माझ्याकडे नाही.’’ मग वहिनीकडे वळून, ‘‘अगं, तू तरी सांग यांना. मी या दारातून शेवटचा कधी आलो?’’

वहिनी दाराशी उभी होती. स्वयंपाकघरातून येतं तेच दार. ती म्हणाली, ‘‘हे नाही आले.’’ तेवढंच.

‘‘बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार,’’ बहीण म्हणाली आणि रागारागाने स्टेजवर चढली. पुढचं तिने मला सांगितलेलं आहे. ती स्टुलांपाशी गेली, काहीतरी पुरावा मिळेल म्हणून. तिला दोरी दिसली. दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून मधे एक फेरा मारून बांधली होती. खिडकीत बसून बसून बहिणीला माणसं चेहऱ्याने कमी आणि हाताने जास्त ओळखू येतात. जाळीतून आत येतो तो हातच. ती दोरी बघून तिला लगेच कळलं. दर वर्षी पडदा धुवायला उतरवायचे, तेव्हा दोरी सोडायचं आणि बांधायचं काम दोघी जावाच करायच्या, कारण पुरुषांनी बांधलेली गाठ सुटायची नाही. अशी दोरी गुंडाळणाऱ्या घरात दोघीच होत्या, आणि त्यातली एक आता नव्हती.

ती स्टेजवरून दोरी हातात घेऊन खाली आली आणि थोरल्याच्या शेजारी बसली. मला ते विचित्र वाटलं. आत्ता त्याला चोर म्हणणारी त्याच्या बाजूच्या खुर्चीत.

‘‘चल, घरी जाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘गेला तर गेला.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘भाऊ, खेळ घरी टीव्हीवर बघू.’’

‘‘आत्या, तुझं डोकं फिरलंय का?’’ मुलगी म्हणाली.

‘‘हो. चला.’’

तेव्हा वहिनी बोलली. ‘‘तिला दोरी सापडलीय म्हणून ती चला म्हणते. पडदा मी काढला.’’

ऑपरेटर मशीनच्या खोलीकडे निघाला होता तो जिन्यावर थांबला.

‘‘तू?’’ थोरला म्हणाला. ‘‘कशाला?’’

‘‘धाकटी गेली त्या दिवशी.’’ वहिनी माझ्या बायकोला धाकटीच म्हणायची. ‘‘तिला अंगणात ठेवलं होतं. हिची वाट बघत होतो.’’ तिने माझ्या मुलीकडे बघितलं. ‘‘हिची गाडी उशिरा होती. तंबूवाल्याने आणलेलं कापड पुरलं नाही, डोक्याकडची बाजू उघडी राहिली. सकाळी सावली होती. मग ऊन सरकत सरकत आलं. पायावर आलं, पोटावर आलं. तुम्ही सगळे बसला होतात, कुणाचं लक्ष नव्हतं. तिच्या तोंडावर ऊन येणार होतं आता. मी घरात चादरी बघितल्या, एकही पुरेल अशी नव्हती. मग मी या दाराने आत आले. दोरी मी सोडली. तंबूवाल्याच्या पोरांनी पडदा खाली घेतला आणि बाहेर लावला.’’

मला त्या दिवसातलं फार थोडं आठवतं. पण उजेड आठवतो. दुपारनंतर अंगणात ऊन नव्हतं आणि अंधारही नव्हता, चाळणीतून चाळून घेतल्यासारखा मऊ उजेड होता. खांबाजवळ कापड खाली झुकलं होतं. थोरला तिथे बसला होता आणि त्याच्या खांद्यावर पीठ सांडल्यासारखे बारीक ठिपके होते. मला ते झटकावेसे वाटले होते. मी हात वर करून कापडालाही लावला होता. ज्या कापडावर माझ्या घराचं पोट चाललं ते मी हातात धरलं आणि ओळखलं नाही.

‘‘मी त्याच्याखाली बसले होते,’’ बहीण म्हणाली. ‘‘तासन्‌तास.’’

‘‘सगळेच बसलो होतो,’’ थोरला म्हणाला.

‘‘मला वाटलं, तुम्हाला कळलंय,’’ वहिनी म्हणाली. ‘‘थेटरात जन्मलेली माणसं तुम्ही. पडदा डोक्यावर आहे हे कळणार नाही असं मला वाटलंच नाही. कुणी बोलत नाही म्हणजे चाललंय, असं समजले.’’

‘‘आणि नंतर?’’ मी विचारलं. ‘‘नंतर का नाही आणलास परत?’’

मी वहिनीला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तोंडून निघून गेलं. तिला ते लागलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही.

‘‘भाऊजी, आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा अंगण मोकळं झालं होतं. तंबूवाला सगळं गुंडाळून घेऊन गेला होता. त्याच्या कापडांबरोबर तोही. मी दोनदा निरोप पाठवला, तो पोचला की नाही कळलं नाही. नंतर मला तुम्हाला सांगायची भीती वाटली. रविवार जवळ आला तशी जास्त वाटली.’’

मुलगी बाहेर जाऊन फोनवर बोलत होती. तिने तंबूवाल्याला गाठलं. आत येऊन तिने फोनचा आवाज मोठा केला.

‘‘हो, होतं एक पांढरं,’’ तंबूवाला म्हणत होता. ‘‘आमचं नाही हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण कुणाचं ते कळेना. त्या दिवशी चार ठिकाणी काम होतं, पोरंही रोजंदारीची. आणि कापडाला भोकंच भोकं ताई, वरून पाणी टाकलं तर खाली आंघोळ. तंबूच्या काय कामाचं?’’

‘‘मग कुठे आहे ते?’’

‘‘रोपवाटिकेवाल्याला दिलं. त्याला असंच पाहिजे होतं. कोवळ्या रोपांना थेट ऊन चालत नाही म्हणे. त्याने वाफ्यांच्या मापाने तुकडे करून घेतले. चांगलं कापड होतं हो, कातरीला दाद देत नव्हतं. कुणाचं होतं?’’

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने ‘‘आमचंच’’ म्हणून फोन ठेवला.

जो तो आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला, बहीण दाराजवळ, ऑपरेटर मागे. मधल्या रांगेतली एक खुर्ची आपोआप सुटली होती.

ऑपरेटरच शेवटी बोलला. ‘‘भिंत आहे की. चुना मारला तर चित्र दिसेल. आपल्या सुरुवातीला भिंतच होती, तुमचे आजोबा भिंतीवरच दाखवायचे. रविवारपर्यंत वाळेल.’’

‘‘बरोबर,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी मारते चुना. बाबा, खेळ होणं महत्त्वाचं. आईची खुर्ची सोडून बसू, तिने सांगितलं तसं.’’

‘‘मीही येते,’’ बहीण म्हणाली. ‘‘दादा, तू ब्रश आण. आणि मघाशी बोलले ते विसर.’’

‘‘तुझं बोलणं विसरायचं म्हटलं तर मला आयुष्यातलं अर्धं विसरावं लागेल,’’ थोरला म्हणाला. पण तो उठला होता. मलाही थोडा धीर आला. भिंत तर भिंत. तिला दिलेला शब्द राहील.

‘‘भिंतीवर नको,’’ वहिनी म्हणाली.

‘‘का?’’

‘‘भिंतीच्या मागे कसं बसणार?’’

‘‘वहिनी, तिला मागे बसायचं नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. मधली रांग. जन्मभर उलटं बघितलं, एकदा सरळ बघायचंय, असं म्हणाली होती.’’

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. ती चकित झाली होती.

‘‘तुम्हाला असं म्हणाली?’’

‘‘हो. कितीदा तरी.’’

‘‘मला म्हणाली, त्या खेळाला सगळे पुढे बसतील, आपण दोघी आपल्या स्टुलांवर बसू. म्हणाली, ह्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मधली रांग म्हणते, तू आपलं माझं स्टूल पुसून ठेव.’’ ती थांबली. ‘‘मी पुसून ठेवलंय.’’

मी स्टुलांकडे बघितलं. खरंच, एवढ्या धुळीत ती दोन स्वच्छ होती.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. तिच्या जाण्याने मी हादरलो होतो, पण ते एक सरळ दुःख होतं, ते कळत होतं. हे निराळं होतं. मी तिच्यासाठी एक खुर्ची धरून बसलो होतो आणि ती त्या खुर्चीवर येणारच नव्हती. की येणार होती, आणि वहिनीला वाईट वाटू नये म्हणून तिने स्टुलाचं सांगितलं होतं? वहिनीलाही तेच वाटलं असणार, कारण ती म्हणाली, ‘‘कुणाला खरं सांगितलं असेल?’’

‘‘दोघांनाही,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आई होती ती. मला तर सांगितलं होतं की तुम्ही सगळे थेटरात गेलात की मी निवांत झोपणार.’’

ऑपरेटर हसला. मग बहीण. मग वहिनी हसायला लागली आणि तिला हुंदका आला, आणि थोरला उठून तिच्याजवळ गेला. इतक्या वर्षांत त्याला सगळ्यांसमोर तिचा हात धरताना मी बघितलं नव्हतं. त्याने धरला, आणि दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला.

‘‘नमस्कार,’’ तो गोदामवाल्याला म्हणाला. ‘‘सोमवारी चावी देता येणार नाही. नाही, नाही, व्यवहार पक्काच आहे. एक काम राहिलंय घरचं. कधी होईल ते कळवतो. … पडदा बसवायचाय. … हो, थेटरलाच. … माहीत आहे तुम्ही पाडणार आहात. तरी बसवायचाय.’’

फोन ठेवून तो मला म्हणाला, ‘‘त्याला वाटलं मला वेड लागलं.’’

‘‘मलाही वाटतंय,’’ बहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी रोपवाटिकेत गेलो. मालक भला माणूस. वाफ्यांवर पांढरे तुकडे ताणून लावले होते, त्याखाली बोटभर उंचीची रोपं. एका तुकड्यावर बायकोची शिवण होती. एका खेळाला कुणीतरी बाटली फेकली होती, तेव्हा पडदा फाटला आणि तिने नायलॉनच्या बारीक दोऱ्याने असा शिवला होता की पुढून कुणाला कळायचं नाही. शिवणीच्या गाठी मागच्या बाजूला होत्या. वहिनीने वाफ्याशी बसून वर बघितलं. गाठी खालच्या बाजूने दिसत होत्या.

‘‘त्या दिवशीही ही बाजू खालीच होती,’’ ती म्हणाली. ‘‘मी तिच्या उशाशी बसले होते. मला गाठी दिसत होत्या.’’

मालक म्हणाला, रोपं जरा मोठी होऊ द्या, मग सगळे तुकडे घेऊन जा, माझं काही म्हणणं नाही. आत्ता काढले तर करपतील. वहिनी म्हणाली, थांबतो आम्ही.

तिला वाटतं की तुकडे जोडता येतील. मला वाटत नाही. बहीण म्हणते नवीन आणा, ऑपरेटर अजून चुन्याचंच म्हणतो. गोदामवाल्याचे फोन येतात ते थोरला उचलत नाही. ‘सॅटेलाइट’ची पाटी वर आहे, चौकट रिकामी आहे, आणि घरच्यांचा खेळ व्हायचा राहिला आहे.